रकाना सातवा

पंचायतीतून सुलक्षा अर्ज घेऊन आली.
रकाना सातवा : घरात वाहन आहे का?

आहे.
परसात, फणसाखाली, सहा चाकांचं.
खाण बंद झाल्यापासून वीतभरही हललेलं नाही.
टपावर भोपळ्याचा वेल,
हौद्यात साचलेलं पाणी, त्यात बेडूकमासे,
स्टीअरिंगखाली कोंबडी अंडी घालते.
ती अंडी उत्पन्नात धरायची का,
हे अर्जात कुठे विचारलेलं नाही.

नकुळ म्हणाला, 'नाही' लिही.
सुलक्षा म्हणाली, तलाठी येतो बघायला,
एवढा मोठा टिपर कुठल्या 'नाही'खाली झाकशील?

पणजीहून नवा आदेश निघालाय म्हणे.
मागचाही निघाला होता.
पिसुर्ल्याला पोचेतो त्याचा अर्थ बदलला.
बँकेचा माणूस मात्र पाच तारखेला नेमका पोचतो,
आमच्याकडे कोरा चहा पितो,
साखरेचं विचारत नाही.

अर्ज फळीवर पडून आहे,
सातवा सोडून सगळे रकाने भरलेले.

धूळ गेली, हे खरं.
विहीर निवळली, दोरीवरचे कपडे पांढरे राहतात.
आई तरी दोनदा ओटा झाडते
आणि केरसुणी उलटी धरून
उजेडात बघते,
तांबडं काही लागलंय का.