सदतीस नंबरची डबी

सकाळी साडेसातला वर्गाबाहेर ओळ लागते.
प्रत्येकाच्या मुठीत डबी,
एकीवर तर वरून केळीचं पान गुंडाळलेलं,
आणि प्रत्येकजण असा उभा
जणू हातातली डबी शेजारच्याची आहे.

मी हसत नाही.
उकेरेवे बेटावर याच ओळीत मीही होतो,
तेव्हा डब्या नव्हत्या, काड्यापेट्या होत्या.

नाक आठवड्यात सरावतं. बाकी काम हातांचं:
जाळीवर घासायचं, पट्टीच्या भोकात दाबून भरायचं,
वर हिरवट सेलोफेनचा तुकडा,
काच उलटी करून दाबायची, की झालं.
हुकवर्मची अंडी घाईची, उशीर केला तर
पुसल्यासारखी नाहीशी होतात.
बिल्हार्झियाची थांबतात.
लांबट, पिवळसर, कुशीला एकच काटा,
लहान मुलाने काढलेली होडी,
दुसरं वल्हं काढायचं राहिलेली.

मजुरा ब्विरे, सदतीस. शून्य.
दुसरी काच. शून्य.

हा पोरगा शाळा सुटली की
डागा मासळीची जाळी ओढत
कमरेएवढ्या सरोवरात असतो.
पोट पुढे, बरगड्या लांबून मोजाव्यात.
शून्य?

बोलावलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.
मग म्हणाला,
"मला झालीच नाही. न्याक्वेसीने दिली."

न्याक्वेसी, थोरली. पाय जन्मापासून वळलेला.
दारात बसून मासळी निवडते,
पाण्यापर्यंत तिला कुणी नेत नाही.

दुसरी डबी दिली. दुसऱ्या दिवशी आली, स्वतःची,
अजून कोमट.
एकसष्ट अंडी. चोवीसने गुणायचं.
एक हजार चारशे चौसष्ट.
भिंतीला टेकवून उंची मोजली, अडीच गोळ्या,
आधी वाटीभर पेज. तोंड वाकडं करून गिळल्या
आणि जीभ दाखवली, कुणी न सांगता.

रजिस्टर मिटणार होतो.
शेवटच्या नावाखाली एक ओळ मोकळी होती.
न्याक्वेसी ब्विरे, लिहिलं.
इयत्तेचा रकाना तसाच सोडला.
अंडी: शून्य.

मजुरा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होता.
"तिचं चांगलं आलं ना?"

हो, म्हटलं.
चांगलं आलं.