पहिली मूठ

सेलूला मोंढ्याच्या मागं आमची गिरणी.
अकरावीत होतो. चारनंतर पट्ट्यापाशी स्टुलावर बसून
तोष्णीवाल बाईंचा गृहपाठ करायचो,
वहीच्या घड्यांत पीठ साचायचं.

बाई म्हणायच्या, फल म्हणजे यंत्र समज.
इकडून एक टाकलं की तिकडून एकच निघतं.
दोघांचं उत्तर एक आलं तर चालतं,
एकाची दोन उत्तरं चालत नाहीत.

मला लगेच पटलं.
प्रत्येक डब्याला एकच धनी,
झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव.
धन्याला डबे मात्र कितीही,
काबरांकडं लग्न होतं तेव्हा अकरा आलते.
किलोला पाच रुपये: य बरोबर पाच क्ष.
आलेख काढला, तो सरळ गल्ल्यात गेला.

लाईट गेली की स्थिर फल.
गहू आणा, डाळ आणा, ओळख आणा,
अण्णांचं उत्तर ठरलेलं,
"सहाला या."

आणि पिठाचे दाणे होत नाहीत
हे व्यस्त फलाच्या धड्याआधीच ठाऊक होतं.

घोळ झाला तो नूरबी आपामुळं.
त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्यानं पसरली.
"ये क्या जी, टाळकीत बाजरी कशी?"
अण्णा म्हणाले, पहिली मूठ आधीच्याची असते आपा,
दगडाच्या पोटात थोडं राहतंच.
तुमचं पुढच्याला जाईल.

आधीचा डबा प्रयागबाईचा.
दोघींची भिंत एक, अन् तीन वर्षं अबोला,
नळावरून, का शेवग्याच्या फांदीवरून,
आता त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.
आपांचा हात डब्यात तसाच राहिला थोडा वेळ.
मग झाकण लावलं. डबा कमरेवर घेतला. गेल्या.

वर्गात मी उभा राहिलो:
बाई, आमच्या गिरणीत क्ष तोच असतो,
पण य बदलतो,
आधी कोण येऊन गेलं त्यावर.
पोरं हसली.
बाईंनी खडू बोटांत फिरवला.
"मग ते फल नाही रे. तो नुसता संबंध."
नुसता म्हणाल्या,
आणि फळ्याकडं वळता वळता थांबल्या.

पुढच्या मंगळवारी आपांचा डबा आधी लागला,
त्याच्यामागं प्रयागबाईचा.
पट्टा फिरत होता, अण्णा मोठ्यानं म्हणाले,
"मधी गव्हाचा एखादा घेऊ का?"

प्रयागबाईनं पदरानं नाकावरचं पीठ पुसलं.
"काहून? राहू द्या की."

मी वहीत कंस केला.
आत दोन नावं, मधी स्वल्पविराम.
खाली तीच नावं उलटी.

अबोला सुटला का, मला माहीत नाही.
बारावीनंतर मी नांदेडला गेलो.