ओला दोर

डुलूथ, फेब्रुवारी. सरोवर धक्क्यापर्यंत गोठलेलं.
वेंडेलच्या तळघरात हीटर खोकतोय,
नकाशावर चिप्सचा चुरा,
आणि मी म्हणालो : दोर तुटला.

मारिट फाशाकडे बघत राहिली. सतरा.
"सतराला दोर तुटत नाही."
"ओला होता."
"हे आधी सांगितलं नव्हतंस."

नव्हतं सांगितलं.
पण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलं की
आपली चूक आपल्याला सगळ्यात शेवटी दिसते,
आणि तोवर शब्द टेबलावर पडलेला असतो,
फाशासारखा. उचलून पुन्हा टाकता येत नाही,
निदान मला तेव्हा तसं वाटलं.

वेंडेल नियमांचं पुस्तक चाळू लागला,
पान एकशे बारा, नव्वद, परत एकशे बारा.
कुणीतरी म्हणालं, खेळ तुझा, तू म्हणशील ते.
तेच जास्त लागलं.
खेळ माझा असता
तर घरी एकटाच बसून रोज जिंकलो असतो.

"आज राहू दे असंच. रविवारी बोलू."
आणि मारिटची चोरटी, चार हिवाळे आमच्यासोबत चाललेली,
दरीत गेली.

मग थिओ उठला. सोळा वर्षांचा,
एका रात्रीत चार वाक्यं बोलला तर खूप.
"मी खाली उतरतो," म्हणाला, "दगड रचतो तिच्यावर.
माझी ढाल तिथेच ठेवतो."
त्याचा आवाज मध्येच फाटला. हीटरही गप्प झाला.

बाहेर मारिट काचेवरचा बर्फ खरवडत होती.
"वॉर्डात दिवसभर दुसऱ्यांचे निर्णय पाळते," म्हणाली,
"आठवड्यातून एक रात्र
मला कुणी विचारावं, एवढंच.
दोराचं काय घेऊन बसलास."

रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो,
दोर कोरडा होता. चूक माझी. ती जिवंत आहे.
मारिटने थिओकडे पाहिलं.
तो नखाने टेबलाची कड कोरत होता.
"नको," ती म्हणाली. "त्याने दगड रचलेत."
आणि कोरा कागद पुढे ओढला,
नावाची जागा मोकळी ठेवून
पेन्सिलला टोक करत बसली.

आडोशाच्या आतल्या बाजूला,
जिथे राक्षसांचे आकडे चिकटवलेत, तिथे
मी लिहून ठेवलंय : ओला असेल तर आधी सांग.

वेंडेल अजून ते पान शोधतोय.