समासातली ओळ

संमतिपत्र अकरा पानांचं, मराठीत,
पण ज्या मराठीत कुणी बोलत नाही.
'मरणोत्तर ऊतीसंकलन.'
'सहभागी व्यक्तीस होणारा लाभ: नाही.'
जंगूबाई कुमरेला मी ते दोन दुपारी वाचून दाखवलं
खैरगुड्यात, तिच्या बाजेशेजारी बसून,
मधेमधे कोंबडी हाकलत.

विषाणू गोळ्यांनी केव्हाच दबला, बाई.
सतरा वर्षांत एक गोळी चुकवली नाहीस तू.
हे दुखणं वेगळं, पिशवीच्या तोंडाचं.
पण तो पुरता गेलेला नाही,
दडून बसतो आतड्यात, मेंदूत, गाठींमध्ये,
जिवंत माणसात तिथवर हात पोचत नाही,
म्हणून नागपूरचे डॉक्टर म्हणतात की...

पुढचं वाक्य मी वळसा घालून आणत होते.
"मेल्यावर फाडून पाहतीन," ती म्हणाली.
"असं सांग नं मंग."

पांढरकवड्याच्या जिनिंगात बारा हंगाम काढलेत तिनं.
"रेच्यातून रुई कितीबी साफ निंघो,
एखांदी कवडी रायतेच व पोरी.
गाठ बांधली का दिसत नाही.
सोडल्याबिगर कसी भेटन?"
माझ्या प्रशिक्षणाच्या पाच दिवसांत
हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

पान सात. 'आपण कोणत्याही क्षणी,
कारण न देता, माघार घेऊ शकता.'
ती हसली, पोट धरून, कारण हसणं आता दुखतं.
"मेल्यावर आली मनात माघार,
त फोन कोणाले लावू?"

मोतीराम उंबऱ्यावर. म्हणाला, आईले कापू नाही देत.
त्याच श्वासात म्हणाला, किती देतीन?
काही नाही. गाडी त्यांची, परत आणून देणं त्यांचं.
"मंग काऊन?" त्यानं मला विचारलं.
उत्तर तिनं दिलं, आढ्याकडं पाहत:
"तुह्या बापाले प्लास्टिकात गुंडाळून देला होता.
चार खांदे नाही भेटले गावात.
बंडीवर नेला, म्या आन तू, तू बारा वर्साचा.
तवा हात लावाले कोणी नोयतं.
आता सहा तासाच्या आत पायजे म्हणते."
रागानं म्हणाली की मिरवून,
मला अजून ठरवता येत नाही.

अंगठ्याला शाई लावली, आणि तिनं हात मागं घेतला.
मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण,
पोटऱ्यांवरही, लग्नाआधीचं.
"वरतं हेच संग येते. चांदी नाही, लुगडं नाही.
याच्यावर सुरी नोको."

फॉर्ममध्ये अटीसाठी जागा नाही.
मी समासात लिहिलं, निळ्या पेननं, बारीक अक्षरात:
'हातांवरील व पोटऱ्यांवरील गोंदणास छेद देऊ नये.'
तिनं अंगठा त्या ओळीवरच उठवला.
नागपूरहून फोन आला: समितीला असं चालत नाही,
कोरा फॉर्म पाठवतो, परत भरून घ्या.
कोरा फॉर्म माझ्या पिशवीत आहे,
चौघडी घातलेला, तीन आठवडे.

नऊ वर्षं मी तिला विचारत आले, कशी आहेस?
आता त्याच प्रश्नाला घड्याळ लागलंय.
नागपूरहून गाडीला साडेतीन तास,
नाल्याला पाणी असलं तर पाच.
रोज सकाळी फोन करते. तिला कळतं कशासाठी.
विचारूच देत नाही, म्हणते, "अजून हाय.
तू जेवली का?"

काल तीनदा वाजून बंद झाला.
मी घड्याळ पाहिलं.
आधी घड्याळ.
मग पाय गळाल्यासारखे झाले, मग खुर्ची शोधली.
चौथ्यांदा मोतीरामनं उचलला:
निजली हाय, रातभर डोया नोयता लागला.

वहीत तिच्या नावापुढं
नऊ चाळीस लिहून झालं होतं.