धुण्यातलं

फादर लाझारुस आले तेव्हा जेवणाची घंटा होऊन गेली होती.
मंगळुरूहून रात्रभर गाडीत बसून,
एका हातात प्रोजेक्टर, काखेत बुटांचं खोकं.
खोक्यात कापसावर निजवलेली
बारा आठवड्यांची बाळं. रबराची. बेचाळीस.
रायतूरच्या टेकडीवर आम्ही ब्रदर लोक बेचाळीसच.
त्यांनी आधी पत्र घालून आकडा मागवला होता.

तळहातावर एकेक ठेवत गेले,
कोमुनियन देताना ठेवतात तसं, घाई न करता.
मागच्या बाकावर रोमाल्द खुदकन हसला
आणि नंतर दिवसभर कुणाशी बोलला नाही.

मी सावंतवाडीकडचा, टिपणं मराठीत घ्यायचो:
'पहिल्या क्षणापासून जीव.
उद्या तुम्ही जाळीमागे बसाल.
पलीकडून नुसतं रडणं आलं, तर पाप मोजू नका,
आधी विचारा, जेवलीस का.'
एवढ्यात वीज गेली.
पडद्यावरचं इवलं काळीज
दोन ठोक्यांच्या मध्येच राहिलं.

आणि माझं बाळ मी झग्याच्या खिशात विसरलो.

मंगळवारी धुणं.
कोंसेसांव मावशी आधी सगळे खिसे उलटे करते.
तेर्साचे मणी, पेपरमिंट, कधी एखादं पत्र,
ज्याबद्दल ती रेक्टरला अवाक्षर सांगत नाही.
मी धावत गेलो तर ती दगडावर बसलेली,
कोपरापर्यंत फेस,
आणि ओच्यात ते. पुसून कोरडं केलेलं.

'हें कितें रे, पुता?'

मी फादरांचं सगळं सांगितलं,
पाठ केलेल्या लॅटिन धातूंसारखं धडाधड.
ती फेस निथळू देत ऐकत होती.
मग म्हणाली, तिचं पहिलं
सातव्या महिन्यात आलं. रडलंच नाही.
नवरा तारवटी, तेव्हा बसऱ्याच्या बंदरात.
विगार म्हणाला, बाप्तिस्मा नाही, तर आत जागा नाही.
सासऱ्याने बिस्किटांच्या डब्यात घालून
तिन्हीसांजेला नेलं, सिमितेरीच्या भिंतीपल्याड, काजूखाली.
तिला जाऊ दिलं नाही, बाळंतीण म्हणून.

'पयल्या खिणासावन म्हणटा न्हय तुजो पाद्री?
मागीर म्हजो भायर कित्याक?'

दुपारच्या सत्रात मी उभा राहून हेच विचारलं.
तिचं नाव घेतलं नाही, तरी सगळे
खिडकीतून वाळत्या झग्यांकडे बघायला लागले.
प्रीफेक्टने 'लिंबो' म्हणून घसा साफ केला.
फादरांनी हात वर करून त्याला थांबवलं.
चष्मा काढला. बराच वेळ पुसला.
'उत्तर आहे माझ्याकडे,' म्हणाले,
'पण ते चाळीस वर्षं उशिराचं आहे.
कुठे राहते ती?'

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर व्याख्यान नाही.
प्रोजेक्टर गवसणीतच.
आम्ही तिघे उतरलो, ती पुढे,
वर्षाच्या फेस्ताला नेसते तो कापोड नेसून.
काजू नव्हता. रस्ता रुंद झाला होता.
चिऱ्याच्या भिंतीला हात लावत ती दोनदा गेली, आली.
'हांगा,' म्हणाली. मग, 'ना, थंय.'
मग तिला काहीच सांगता येईना.

फादरांनी चपला काढल्या.
पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत आणलेलं आशीर्वादाचं पाणी
भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपडत नेलं,
गटार, खडी, मैलाचा दगड, काही सोडलं नाही.
एक ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला.
'नाव?' त्यांनी विचारलं.
तिने पदर तोंडाला लावून
त्यांच्या कानात सांगितलं. मला ऐकू आलं नाही.
ऐकायचंही नव्हतं ते मी.

निघताना फादरांनी बाळं परत मोजून घेतली.
एकेचाळीस भरली. काही बोलले नाहीत,
खोक्याला सुतळी बांधली, गाठ मारली.

गुरुवारी झगा इस्त्री होऊन आला.
खिसा रिकामा,
आणि आतली उसवलेली शिवण
बारीक पांढऱ्या टाक्यांनी घातलेली.