बुधवारचा कप्पा

अश्वगंधा सकाळी, दुधातून.
मॅग्नेशियम झोपताना.
माशाच्या तेलाची कॅप्सूल मधे कधीतरी,
सासूबाईंना "डोळ्यांसाठी" असं सांगून.

कोथरूड डेपोच्या थांब्यावर
मासळीचा ढेकर येतो,
आणि मी, सात पिढ्यांची शाकाहारी,
शेजारच्या बाईकडे संशयाने बघते.

डॉक्टर सबनीस म्हणाल्या,
घ्या हवं तर, पण माझी गोळी सोडून नाही.
मी मान हलवली. कशाला, ते सांगितलं नाही.

छातीतली ही धडधड
नेमकी कुठल्या बाटलीचं ऐकते
अजून कळलेलं नाही.
सात कप्प्यांच्या डबीत
बुधवार तसाच भरलेला सापडला:
त्या दिवशी मंडईत
कोथिंबिरीच्या एका जुडीवरून
मी चांगला अर्धा तास भांडले होते,
पाच रुपये परत घेतले होते,
आणि घरी येऊन जेवले होते, पोटभर.

गुरुवारी सगळं वेळेवर.