जानेवारीचं पान

वाचनालयात आकाशाचं कपाट नाही.
नलूताई अष्टेकर म्हणाल्या, ज्योतिष तिकडं, भूगोल इकडं,
तुम्हाला नेमकं काय हवंय?
मी म्हटलं, वर जे दिसतं ते.
त्यांनी चष्मा पुसला,
आणि लोणची-मुरंबे नि होमिओपॅथीच्या फटीतून
पाठ निघालेलं एक पुस्तक ओढून दिलं.
शेवटचा शिक्का सत्त्याऐंशीचा.

बारा महिन्यांचे बारा नकाशे.
मोजले तर अकरा.
जानेवारी कुणीतरी ब्लेडनं कापून नेला होता
इतक्या सफाईनं, की राग यायच्या आधी
तो हात आवडला मला.
उद्यमबागेत दिवसभर मी लेथवर असतो,
हात ओळखतो मी.

कडेनं पेन्सिलीची बारीक अक्षरं, कानडी.
मला कानडी येतं ते बसच्या पाटीपुरतं,
औषधाच्या दुकानापुरतं.
शॉपवरच्या महांतेशला दाखवलं. तो म्हणाला,
चिक्की लिवलंय बघ, सगळीकडं चिक्की.
मला गुळाची आठवली.
तो हसत सुटला. अरे, चांदणी!
पानभर चांदण्या होत्या
आणि मी शेंगदाणे शोधत होतो.

जुन्या रजिस्टरात नाव सापडलं:
हुक्केरी मास्तर. पुढं दुसऱ्या शाईत, एम. के. हुबळी.
सदतीस वर्षांत माणूस कुठल्या कुठं जातो.
तरी रविवारी बस धरली.

मास्तर कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेले.
पुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही, हुंगलं.
मग आत जाऊन
कॅलेंडरांच्या गुंडाळीतून जानेवारी घेऊन आले.
'परत द्यायचंच होतं,' म्हणाले, 'ढग आले.'
मी विचारलं नाही कसले.
'मराठी ह्याच पुस्तकावर शिकलो मी.
आधी मृग वाचायला आला, मग बाकीचं.'

दुर्बीण घेऊ नकोस एवढ्यात, म्हणाले. उशी घे.
मान दुखली की माणूस घरी जातो, आकाश कुठं जात नाही.
अंधार भातासारखा असतो,
वीस मिनिटं झाकण काढायचं नाही.
टॉर्चला मिठाईच्या डब्याचा लाल कागद लाव.
आणि जे दिसलं नाही तेही लिही, तारीख घालून.
कुठल्याच पुस्तकात नव्हतं हे,
म्हणजे मी पाहिलेल्या त्या एका पुस्तकात.

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला,
महांतेशच्या मेव्हण्याचा टेम्पो. हौद्यात आम्ही तिघं आडवे,
मास्तरांच्या कानाला मफलर,
छातीवर कॅम्पातल्या जुन्या बाजाराची दुर्बीण,
एक डोळा गेलेली.
मी बोट दाखवून म्हटलं, तिकांडं.
'काय?'
तिकांडं. ते तीन. बापाचा शब्द, रानातला.
मास्तरांनी तो दोनदा उच्चारून पाहिला,
नवा नट जुन्या बोल्टवर फिरवून बघावा तसा.
बसला.
लाल उजेडात त्यांनी तो जानेवारीवर लिहून घेतला,
कानडी अक्षरांत.

मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलावं,
वरती कुठल्या भाषेची पाटी नाही, असलं काहीतरी.
मास्तर म्हणाले, टॉर्च बंद कर.

मग तिकांड्याच्या खाली, दुर्बिणीच्या उरलेल्या डोळ्यात,
काचेवर कुणी हा करून श्वास सोडावा
तेवढा एक धूसर डाग.
पुसायला गेलो.
तो काचेवर नव्हता.

किती वेळ कुणी बोललं नाही.
महांतेशला झोप लागली होती हेही खरं.

जानेवारी सध्या माझ्याकडं आहे,
टूलबॉक्सात, व्हर्नियरच्या खाली, सपाट.
मुदत शनिवारी संपली. नलूताईंचा फोन आला.
परत द्यायचंच आहे, मी म्हटलं,
पण ढग आलेत.
त्या दिवशी अख्ख्या बेळगावावर
एकही नव्हता.